सातच्या बातम्या आणि नळाचं पाणी

श्रीमंत साळवे यांचा आवाज चांगला आहे, ही गोष्ट पिंपळजळगावात सगळ्यांना मान्य होती, आणि साळव्यांना स्वतःला तर ती सगळ्यांच्या आधीपासून मान्य होती. बँकेच्या शाखेत ते रोखपाल होते. ‘टोकन नंबर सव्वीस’ एवढंच ते अशा काही भारदस्तपणे उच्चारत, की सव्वीस नंबरचा शेतकरी खिडकीपाशी येण्याआधी टोपी सारखी करायचा. चौदा एप्रिलच्या सभेचं सूत्रसंचालन, शाळेचं बक्षीस वितरण, बदली झालेल्या कुणा मास्तरांचा निरोप समारंभ, सगळीकडे माईक त्यांच्याच हातात. एकदा हातात आलेला माईक ते सहजी परत देत नाहीत अशी एक तक्रार होती खरी. पण ती करणारे बहुतेक करून प्रमुख पाहुणे असत, आणि त्यांना नाहीतरी गाडी गाठायचीच असे.

त्यामुळे सत्त्याण्णव साली गोरक्षनाथ एक दिवस बँकेत आला आणि काउंटरच्या जाळीला तोंड लावून, “साहेब, टीव्हीवर बातम्या वाचता का?” असं म्हणाला, तेव्हा साळव्यांनी नवल दाखवलं नाही. त्यांना फक्त इतका उशीर का झाला असं वाटलं.

गोरक्षनाथचा मूळ धंदा मंडप, लाउडस्पीकर आणि लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. मागाहून त्यानं गोदामाच्या छपरावर भलीमोठी डिश बसवली आणि गावभर केबलच्या काळ्या वायरी ओढल्या. आता शहरातले केबलवाले स्वतःची वाहिनी काढतात, गावच्या बातम्या दाखवतात, खाली दुकानांच्या जाहिराती पळवतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. वाहिनीचं नाव त्यानं ठरवूनही टाकलं होतं: नाथकृपा वाहिनी. कॅमेरा होता, टेबल होतं, जाहिराती होत्या. नव्हत्या त्या फक्त बातम्या आणि वाचणारा.

पिंपळजळगाव हे तिसगावच्या पुढचं, तालुक्याच्या कोरड्या अंगाचं गाव. नावात जळ आहे आणि ते बहुतेक तेवढंच आहे. अशा गावात बातम्या कुठून आणणार, हा प्रश्न गोरक्षनाथला पडला होता. साळव्यांना पडला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे दिल्ली होती. त्या वर्षात दिल्लीतली सरकारं पावसाळ्यातल्या भिंतींसारखी पडत होती आणि ते पडणं योग्य आवाजात सांगणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता.

पहिली अडचण बँकेची. नोकरीतल्या माणसाला वरून परवानगी लागते. वरून विचारणा झाली की हे पद पगारी आहे काय. नाही, असं साळव्यांनी कळवलं. मग प्रस्तावित दूरदर्शन केंद्राचा पत्ता विचारण्यात आला. ‘मंडपाचं गोदाम, मारुतीच्या देवळामागे’ असा तो खरा पत्ता गेला आणि परवानगी लगोलग आली. एवढ्यावरून बँकेला काही धोका संभवत नाही, असं वरच्यांना वाटलं असावं.

दुसरी अडचण सरकारची. केबलवाल्यानं पोस्टात नोंदणी करायची असा कायदा तेव्हा नवा होता. एवढा नवा, की पोस्टालाही तो ठाऊक असेलच असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या पोस्टात गोरक्षनाथबरोबर साळवे स्वतः गेले, कारण सरकारशी बोलायला भाषा लागते. खिडकीमागच्या बाबूंनी शोधाशोध करून रेडिओच्या परवान्याचा एक जुना, पिवळा पडलेला छापील कागद काढला आणि रेडिओ किती बँडचा आहे ते विचारलं. साळव्यांनी शांतपणे खुलासा केला की आम्हाला ऐकायचं नाही, आम्हाला प्रक्षेपण करायचं आहे. बाबूंनी चष्मा काढला. प्रक्षेपण पोस्टातून होत नाही, ते म्हणाले, ते अग्निबाणाचं असतं आणि त्याला समुद्रकिनारा लागतो. खरा कागद मिळेपर्यंत तीन खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला त्या खिडकीवर साळव्यांची ओळख ‘ते अग्निबाणवाले’ अशीच करून देण्यात आली.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची, आणि ती सर्वांत मोठी. साळवे शिक्षक कॉलनीत राहत. त्यांच्या पत्नी सीमाताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे कॉलनीतली जागा त्यांना मिळाली होती. शेजारी कचरू गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले पण व्याकरणातून न झालेले. त्यांनी बजावलं की ऱ्हस्व-दीर्घ नुसतं लिहिण्यात नको, वाचताना ऐकू आलं पाहिजे. गुरुजींच्या पत्नी झुंबरबाईंनी तोंडाला पावडर थापायला सांगितली आणि वाचायच्या आधी पोटभर जेवा, रिकाम्या पोटी आवाज घशातच राहतो, असं वर सांगितलं. कोपऱ्यावरच्या ड्रॉइंगच्या मास्तरांचं म्हणणं, रेघांचा शर्ट नको, टीव्हीत रेघा हलतात. साळव्यांकडचे सगळे चांगले शर्ट रेघांचेच होते. सीमाताईंनी सल्ला दिला तो दोन शब्दांचा होता: थोडक्यात आटपा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला नाथकृपा वाहिनीच्या बातम्या सुरू झाल्या. एका बाजूला जेवणावळीच्या पातेल्यांची उतरंड, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेल्या सतरंज्या, मध्ये साळवे. मागे लाल मखमलीचा पडदा होता. त्यावर थर्माकोलची ‘शुभविवाह’ ही अक्षरं डिंकानं पक्की चिकटलेली. गोरक्षनाथनं दुपारभर खटपट करून ‘शुभ’ काढलं. ‘विवाह’ काही केल्या निघेना. शेवटी त्यावर झेंडूचा हार सोडण्यात आला. लाकडी खुर्ची कॅमेऱ्यात दरिद्री दिसते म्हणून नवरदेवाची सोनेरी सिंहासनवजा खुर्ची मांडली होती. तिच्यावर पावडर लावून बसलेले साळवे बातम्या वाचायला आले आहेत, की मुलीकडच्यांची वाट पाहताहेत, ते पहिल्या नजरेत सांगता येत नव्हतं.

आवाज मात्र लागला. दिल्लीतलं सरकार संकटात आल्याचं त्यांनी असं काही सांगितलं, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी केलं पाहिजे असं वाटावं. पण गोरक्षनाथनं आयुष्यात लग्नं सोडून काही शूट केलं नव्हतं. बातमी महत्त्वाची आली की तो कॅमेरा साळव्यांच्या पायांपासून सावकाश वर नेई आणि मेंदी असल्यासारखा हातांवर थांबे. त्याच्याकडे चित्रावर करामती करायचं एक यंत्रही होतं. सरकार बहुमत गमावण्याची शक्यता आहे, त्या वाक्याला साळव्यांचा चेहरा बदामाच्या आकारात बसला आणि चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. खाली पट्टी पळत होती: ताजी सरकी पेंड आली आहे, साड्यांना फॉल-पिको करून मिळेल.

हे सगळं साळव्यांना घरी गेल्यावर कळलं. सीमाताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला होता, पण त्या गणिताच्या असल्यामुळे त्यांना खोटं वागणं जमत नसे.

दुसऱ्या दिवशी बँकेत त्यांनी वाट पाहिली. कुणीतरी बातम्यांविषयी बोलेल. एका बागायतदारानं खुर्चीचं भाडं विचारलं. त्याच्या पुतण्याचं जमलं होतं. गुरुजींनी संध्याकाळी साळव्यांच्या चुका मोजून सांगितल्या आणि आकडा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं. मनापासून बोलल्या त्या झुंबरबाई. “लई ग्वाड वाचता सायेब,” त्या म्हणाल्या, “आवाज निस्ता देवळातल्या घंटंवानी. समदं ऐकलं आमी. आता नळ कवा येनार, तेवढं न्हाई सांगितलं तुमी.”

साळव्यांनी त्यांना समजावलं की बातमीपत्र वेगळं आणि नळ वेगळा. झुंबरबाईंना ते पटलं नाही.

महिनाभरात करमणूक कर खात्याचे एक निरीक्षक आले. केबलवर सिनेमे दाखवता त्याचा कर ठीक आहे, पण ही जी नवीन वाहिनी आहे तिच्यावरही कर बसेल, असा त्यांचा मुद्दा होता. गोरक्षनाथनं त्यांना सतरंजीवर बसवून साळव्यांचं एक बातमीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. निरीक्षक मोठे सचोटीचे गृहस्थ होते. त्यांनी अर्धवट झोपेतून उठून कागद मागवला आणि लिहून दिलं: सदर कार्यक्रमात करमणूक आढळून आली नाही, सबब कर माफ. गोरक्षनाथनं तो कागद चौकट करून गोदामात लावला. साळव्यांनी त्या दिवशी घरी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

इकडे जाहिरातवाले कुरकुरू लागले. बातम्या कुणी बघत नाही, मग आमची पट्टी कोण वाचणार? गोरक्षनाथनं झुंबरबाईंचीच मागणी वेगळ्या शब्दांत साळव्यांपुढे ठेवली. साळव्यांनी बराच वेळ घेतला आणि एका अटीवर मान्यता दिली. पाण्याचं सांगायचं ते शेवटी, नमस्कार करून झाल्यावर. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती बातमी धरली जाणार नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी, “उद्या प्रातःकाळी पेठ विभागात जलवितरण होईल,” असं वाचलं. झुंबरबाईंनी गुरुजींना विचारलं, हा जलवितरण कुठल्या पक्षाचा? गुरुजींनी अर्थ सांगितला, तशी बाई उठून थेट साळव्यांच्या दारात आल्या. तिसऱ्या दिवसापासून साळवे, “उद्या सकाळी पेठेत नळ येईल,” असं वाचू लागले.

आणि गाव टीव्हीला चिकटलं. म्हणजे सातला नव्हे, सव्वासातला. साळवे दिल्लीत असेपर्यंत घरोघर भाकऱ्या चालू असत. त्यांनी हात जोडले की बायका परातीतलं पीठ तसंच ठेवून टीव्हीपुढे येत. चौकातल्या हॉटेलात कपबशांचा आवाज बंद होई. जाहिरातवाल्यांनी आपल्या पट्ट्या नमस्कारानंतरच पळवाव्यात असा हट्ट धरला, तेव्हा साळव्यांना पहिल्यांदा जाहिरात या गोष्टीचा तिरस्कार वाटला.

पाण्याची खबर यायची भिमाजीकडून. भिमाजी पंचायतीचा, पाणी सोडणारा. उद्या कुठं पाणी सोडणार, असं विचारलं की तो आधी आभाळाकडे बघे, मग विजेच्या तारांकडे, आणि म्हणे, “येईन बी, न्हाई बी. समदं लायटीवर हाय.” यातलं ‘न्हाई बी’ बातमीत बसत नसल्यामुळे साळवे ते गाळत. परिणाम व्हायचा तो झाला. मळईच्या वस्तीत नळ येईल असं वाचलं आणि नळ आला नाही, तेव्हा मळईतल्या बायका पंचायतीत गेल्या नाहीत. त्या साळव्यांच्या दारात हंडे घेऊन आल्या. त्यांचं बरोबरच होतं. पंचायतीनं काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पंचायत खोटी पडायचा प्रश्न नव्हता. सांगितलं होतं साळव्यांनी, तेही घंटेसारख्या आवाजात.

बँकेत माणसं नोटा मोजून घ्यायची आणि खिडकीपाशीच उभी राहून म्हणायची, “आन पानी?” दिल्लीच्या बातम्या सांगायला निघालेला माणूस पिंपळजळगावच्या नळाचा तोंडी जामीनदार होऊन बसला. आपलं नाव राखायचं तर आता स्वतः बघावं लागेल, असं ठरवून साळवे पहाटे स्कूटरवर भिमाजीला मागे बसवून व्हॉल्व्ह तपासत हिंडू लागले. इस्त्रीच्या पँटीत खड्ड्यात वाकून पाइपाला कान लावणारा रोखपाल गावानं पहिल्यांदाच पाहिला. याच हिंडण्यात त्यांच्या लक्षात आलं, की सरपंचांच्या आळीच्या व्हॉल्व्हपाशी भिमाजी कधी थांबतच नाही. त्यांनी कारण विचारलं. “त्या वॉलला चावी लागत न्हाई, साहेब,” भिमाजी म्हणाला. “त्यो बंदच होत न्हाई.”

ही बातमी होती. साळव्यांना ती कळली, आणि आपल्याला ती कळली आहे हेही कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी दिल्लीचं जरा जास्तच वाचलं.

पण भिमाजीच्या पोटात काही राहत नसे. दोन दिवसांनी सरपंच मच्छिंद्रआबा स्वतः गोदामात आले. पांढरंशुभ्र धोतर, हळू बोलणं. आबांनी आधी आवाजाची तारीफ केली, आपल्या गावाला असा माणूस लाभला हे भाग्य म्हणाले, चहा मागवला. मग सुचवलं, की साहेबांनी एवढ्या पहाटे कशाला हिंडायचं? पाण्याची माहिती यापुढे पंचायतच देईल, आपण ती आपल्या गोड आवाजात वाचायची. निघताना त्यांनी दारातून बाहेर रस्त्याकडे बघितलं. “ह्या वायरी छान वढल्यात रं गोरक्षनाथ,” ते म्हणाले. “खांब पंचायतीचे हायत न्हवं?” एवढंच बोलून ते गेले.

गोरक्षनाथनं चहा तसाच ठेवला. त्यानं साळव्यांना काही समजावलं नाही, नुसते हात जोडले. साळव्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. वाचणारा फक्त वाचतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दिल्लीतले मोठमोठे वाचणारे तरी काय स्वतः जाऊन बघून येतात?

त्या दिवसापासून बातमीपत्राच्या शेवटी एकच वाक्य येऊ लागलं: गावातील सर्व भागांत पाणीपुरवठा सुरळीत आहे. गंमत अशी, की शिक्षक कॉलनी पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला होती आणि तिथला नळ चार दिवस नुसता हवा सोडत होता. सीमाताई शाळेच्या आधी झुंबरबाईंबरोबर मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. एक दिवस त्या हंडा खाली ठेवून पदरानं मान पुसत म्हणाल्या, “सुरळीत म्हणजे काय हो?”

साळव्यांना शब्दाचा अर्थ विचारला की राहवत नसे. सरळ रीतीनं, अडथळ्याविना, असं ते सांगून बसले.

“हो का,” सीमाताई म्हणाल्या, आणि दुसरी खेप आणायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी साळव्यांनी नेहमीसारखी बातमी वाचली. सरकार पुन्हा संकटात होतं. त्यांनी नमस्कार केला, पंचायतीचा कागद उचलला आणि सर्व भागांत पाणीपुरवठा सुरळीत असल्याचं सांगितलं. तेवढ्यात दार वाजलं. गोरक्षनाथ कॅमेऱ्याला डोळा लावून होता, त्यानं मागे बघितलं नाही. सीमाताई सरळ आत आल्या, पातेल्यांच्या कडेनं वळसा घालून टेबलापाशी गेल्या आणि हातातला रिकामा हंडा त्यांनी टेबलावर, साळव्यांच्या कागदावर, ठेवला. तो वाजला, आणि त्या आवाजावरूनच तो किती रिकामा आहे ते घरोघर कळलं.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “कॉलनीत सुरळीत आहे ते पुन्हा वाचा. मी समोर उभी आहे.”

गावातल्या सगळ्या टीव्हींवर त्या क्षणी एक पितळी हंडा आणि त्याच्या काठावरून दिसणारे श्रीमंत साळव्यांचे डोळे एवढंच होतं. ते डोळे आधी गोरक्षनाथकडे गेले, मग सीमाताईंकडे. साळव्यांनी हंडा थोडा बाजूला सरकवला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा निघाला, घरात बोलतात तसा.

“शिक्षक कॉलनीत आठ दिवस पाणी नाही,” ते म्हणाले. “आत्ता वाचलं ते खोटं होतं. मला माहीत होतं. माहीत असून मी वाचलं.”

यावर कॅमेरा बंद करणं हे शहाणपण होतं. पण गोरक्षनाथला जन्मात कधी कार्यक्रम अर्धवट सोडता आला नव्हता. शिवाय दारात आता झुंबरबाई आल्या होत्या, त्यांच्यामागे मळईतल्या दोघीतिघी, आणि बाजारातून उठून आलेली बरीच मंडळी. लग्नात माणसं आहेर घेऊन रांगेनं येतात आणि कॅमेरावाला एकेकाला टिपत जातो, ते वळण गोरक्षनाथच्या हाताला पक्कं होतं. तो खुणेनं एकेकीला पुढे घेऊ लागला. बायका ओळीनं सिंहासनाशेजारी येऊन उभ्या राहत, कॅमेऱ्यात बघत, आपली आळी सांगत, शेवटचं पाणी कधी आलं ते सांगत आणि पुढच्या बाईला जागा देत. एकीनं सवयीनं साळव्यांच्या हातात नारळही दिला. साळवे अवघडून प्रत्येकीला मान लववत होते.

रांगेच्या शेवटी छबूबाई आल्या. छबूबाई म्हणजे सरपंचांच्या आई. घरात त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गावातल्या सगळ्या बायका टीव्हीत जाताहेत, मग आपणच का मागे, म्हणून त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढच्यांनी सांगितलं तसं आपणही सांगितलं. “आमच्या आळीला पान्याचं काय बी दुखनं न्हाई बया,” त्या म्हणाल्या. “रातंदिस वाहतंय. अंगनात निस्ता चिखूल झालाय, परवा म्हस घसरली. त्ये जरा बंद कराया सांगा आमच्या मच्छिंद्राला, माझं ऐकत न्हाई त्यो.”

गोरक्षनाथनं याच वाक्याला त्यांचा चेहरा बदामात बसवला. मुद्दाम नव्हे, बोट सवयीनं त्या बटणावर पडलं.

त्यानंतर काय होणार ते साळव्यांना ठाऊक होतं, आणि ते झालंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचायतीची माणसं शिडी घेऊन आली आणि खांबांवरच्या वायरी तोडू लागली. पण घाईत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. केबलवर तेव्हा दुपारचा सिनेमा चालू होता आणि तो अगदी शेवटाला आला होता. आंधळ्या आईला मुलगा ओळखू येणार, एवढ्यात गावभर पडद्यांवर मुंग्या आल्या.

घराघरांतून बायका बाहेर पडल्या. पाण्याच्या शोधात निघायच्या बेतात असल्यामुळे बऱ्याच जणींच्या कडेवर हंडे होतेच. त्या तशाच पंचायतीवर चालून गेल्या. आबांनी खिडकीतून ते हंडे पाहिले. आदल्या संध्याकाळी त्यांच्या आईनं जे केलं होतं ते त्यांच्या डोक्यातून अजून उतरलं नव्हतं, आणि पुढे निवडणूक होती. बायका तोंड उघडायच्या आत आबा पायरीवर आले आणि हात जोडून म्हणाले, की उद्यापासून प्रत्येक आळीला ठरल्या वेळी रोज पाणी मिळेल, आपल्या आळीचा व्हॉल्व्ह आपण स्वतः उभं राहून बंद करू, आणि हा आपला शब्द आहे.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग झुंबरबाई पुढे झाल्या. पाण्याचं बरं झालं, त्या म्हणाल्या, पन त्या पिच्चरचं काय?

वायरी संध्याकाळपर्यंत जोडून मिळाल्या.

आणि पाणी खरंच आलं. आबा शब्दाला पक्के निघाले. पेठेला सकाळी, मळईला दुपारी, असं रोज घड्याळ लावल्यासारखं. चार दिवस साळव्यांना लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत होते. बँकेत आता नोटा मोजून झाल्यावर कुणी काही विचारत नव्हतं. वाहिनीचा दरारा वाढला, आणि आता पाण्याची पुरवणी बंद करून निव्वळ बातम्या वाचायच्या, असं साळव्यांनी जाहीर करून टाकलं. गोरक्षनाथनं ‘विवाह’ खरवडून काढलं. लाकडी खुर्ची आली. झेंडूचा हार गेला.

पण शिक्षक कॉलनी, चौक आणि देवळाची आळी, म्हणजे ज्या भागात केबल सर्वांत जास्त होतं तो सगळा भाग, त्याला आबांनी पाण्याची वेळ दिली होती संध्याकाळी सातची. सात ते साडेसात. आबांनी दुसरं काही केलं नाही. ते साळव्यांना भेटले की अजूनही आवाजाची तारीफ करायचे. बातम्या आठला घ्याव्यात असं साळव्यांनी सुचवून पाहिलं. गोरक्षनाथ मान हलवून म्हणाला, “आठला मुंबईच्या मालिका लागत्यात साहेब. तवा तुमाला लावलं तर लोक मलाच खांबाला बांधतील.”

अशा एका संध्याकाळी दिल्लीतलं सरकार खरोखर पडलं. ज्या दिवसासाठी साळवे आवाज राखून होते तो हाच दिवस. त्यांनी बिनरेघांचा शर्ट घातला, सातच्या ठोक्याला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला त्यांना जाणवलं की आज लागलाय. शब्द आपापल्या जागी पडत होते. तेवढ्यात देवळामागच्या नळाला धार लागल्याचा आवाज आला. गोरक्षनाथनं कॅमेऱ्यामागून मान काढली, नळाच्या दिशेला बोट दाखवून क्षमा मागितल्यासारखं केलं आणि बादली घेऊन गेला. त्याचंही घर याच आळीत होतं.

साळवे थांबले नाहीत. समोर कुणी नाही, घरोघर टीव्हीपुढे कुणी नाही, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी बहुमत, राजीनामा, राष्ट्रपतिभवन सगळं क्रमानं वाचलं, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकता. रिकाम्या गोदामाला नमस्कार केला. मग स्वतःच उठून कॅमेरा बंद केला आणि ते घरी निघाले.

कॉलनीत नुसता पाण्याचा आवाज होता. सीमाताई पदर खोचून अंगणात उभ्या होत्या. “आलात का,” त्या म्हणाल्या, “धरा ही नळी. ड्रम भरत आलाय, सांडू देऊ नका.” साळव्यांनी नळी धरली. मग सीमाताईंनी हंड्यावर झाकण ठेवत विचारलं, आज काय होतं बातम्यांत?

साळव्यांनी आधी नुसतं, सरकार पडलं, एवढंच सांगितलं. पण आवाज अजून उतरला नव्हता. नळी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. राष्ट्रपतिभवनापर्यंत आले असतील नसतील, तोच शेजारच्या भिंतीवरून झुंबरबाईंचं डोकं वर आलं. त्यांच्या मागे गुरुजी बादली धरून उभे होते, आणि पलीकडच्या अंगणात ड्रॉइंगच्या मास्तरांनी आपला नळ थोडा बारीक केला.

“जरा मोठ्यानं सांगा सायेब,” झुंबरबाई म्हणाल्या. “नळाच्या आवाजात ऐकू येईना. कोन पडलं म्हनता?”